ला रोशेलचा बांध आणि राजपुरीची खाडी

खारेपाटात जन्मलेल्या माणसाची समुद्राशी पहिली ओळख होते ती बांधावरून. आमचे गाव अलिबाग तालुक्यातले. घरापासून पंधरा मिनिटे चालत गेले की भातशेती संपते, मातीचा उंच बाहेरकाठा लागतो आणि त्याच्या पलीकडे खाडीचे पाणी दिवसातून दोनदा चढते व दोनदा उतरते. शेतातले पावसाचे पाणी बाहेर जावे, पण भरतीचे खारे पाणी आत येऊ नये म्हणून बांधात ठिकठिकाणी उघाड्या बसवलेल्या असतात. हा बांध राखण्यासाठी सगळ्या गावाने मिळून राबायची जी जुनी रीत होती, तिला जोळ म्हणत. मी सहावीत असताना श्रावणातल्या एका उधाणाला आमच्या बाहेरकाठ्याला खांड पडली आणि ती बुजवताना पाहिलेले काम आजही डोळ्यांसमोर आहे.

दोन्ही बाजूंनी खुंट ठोकत, फांद्या, पेंढा, दगड आणि चिखल टाकत माणसे खांडीच्या मध्याकडे सरकत होती. मला वाटत होते की खांड जितकी अरुंद होईल तितके काम सोपे होत जाईल. प्रत्यक्षात उलटे घडत होते. तोंड आवळत गेले तसा पाण्याचा जोर वाढत गेला, आणि शेवटच्या दहा-बारा हातांत टाकलेला दगड तळाला पोचण्याआधीच वाहून जाऊ लागला. आजोबांनी काम थांबवले. "सगळ्या खाडीचं पाणी आता एवढ्याशा तोंडातून जातंय. भांग येऊ दे, मग बघू," एवढेच ते म्हणाले. अष्टमीच्या भांगात, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर सर्वांत कमी असताना, ओहोटीचे पाणी पुरते उतरल्यावर, रात्री कंदिलाच्या उजेडात ती खांड बुजवण्यात आली.

पुढे अनेक वर्षांनी फ्रान्समधल्या ला रोशेल या बंदराच्या वेढ्याविषयी वाचताना मला ही खांड आठवली. १६२७-२८ मध्ये फ्रान्सच्या राजाने एका समुद्रकाठच्या शहराला उपाशी मारण्यासाठी त्याच्या समोरचा समुद्रच बांध घालून अडवला होता. आपल्याकडे ही हकिकत सांगितली की ऐकणारा हमखास म्हणतो, "म्हणजे संभाजी महाराजांनी जंजिऱ्याला केलं तसंच की!" महाराजांनी राजपुरीच्या काठापासून जंजिऱ्याच्या बेटापर्यंत खाडीत सेतू घालायला घेतला होता, त्याविषयी हे बोलणे असते. काही वर्षे मीही तेच म्हणत होतो. आता मला ते पटत नाही. का पटत नाही ते सांगण्यासाठी आधी ला रोशेलची गोष्ट जरा नीट सांगायला हवी.

ला रोशेल हे फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरचे, अटलांटिक महासागराच्या एका आत शिरलेल्या उपसागराच्या टोकाशी वसलेले बंदर आहे. समोर रे आणि ओलेराँ ही दोन बेटे आहेत. शहराची श्रीमंती मीठ आणि दारूच्या व्यापारावर उभी होती, आणि रे बेटावरची मिठागरे आजही चालू आहेत. बंदराच्या तोंडाशी सेंट निकोलसचा बुरूज आणि साखळीचा बुरूज असे दोन जुने बुरूज समोरासमोर उभे आहेत, आणि त्यांच्यामध्ये साखळी ओढून बंदर बंद करता येत असे. जमिनीच्या बाजूला त्या काळच्या उत्तम पद्धतीची तटबंदी होती, पुढे बरीच दलदल होती, आणि मागे समुद्र मोकळा होता. जमिनीवरून कितीही मोठे सैन्य येऊन बसले, तरी जहाजे आत-बाहेर करत असतील तोवर या शहराला कसली काळजी नव्हती. १५७३ मध्ये राजाच्या सैन्याने दिलेला मोठा वेढा या शहराने याच बळावर परतवून लावला होता.

शहर प्रोटेस्टंट होते. १५९८ च्या नांतच्या फर्मानाने फ्रान्समधल्या प्रोटेस्टंटांना उपासनेचे स्वातंत्र्य आणि काही तटबंदीची शहरे स्वतःच्या ताब्यात ठेवण्याचा हक्क मिळाला होता, आणि त्या सगळ्या शहरांत ला रोशेल अग्रेसर होते. स्वतःचा नगराध्यक्ष, स्वतःचे आरमार, बाहेरच्या राजांशी परस्पर बोलणी, अशी त्याची रीत होती. तेराव्या लुईचा मुख्यमंत्री कार्डिनल रिशल्यू याला राज्याच्या पोटात असलेले हे दुसरे राज्य मोडायचे होते. त्यात धर्माचा भाग किती आणि सत्तेचा किती, हा वाद इतिहासकारांनी भरपूर घातलेला आहे. मला तो भाग सत्तेचाच अधिक वाटतो, कारण शहर पडल्यावर तिथल्या लोकांची उपासना राहू देण्यात आली आणि तट मात्र पाडण्यात आले. शहराची तक्रारही खोटी नव्हती. शहराच्या अगदी उशाशी राजाने फोर्ट लुई नावाचा किल्ला बांधला होता आणि १६२२ च्या तहानंतरही तो पाडला गेला नव्हता.

ठिणगी पडली ती इंग्रजांमुळे. जुलै १६२७ मध्ये बकिंगहॅमचा ड्यूक मोठे आरमार आणि सहा-सात हजार सैन्य घेऊन रे बेटावर उतरला आणि त्याने तिथल्या सेंट मार्टिनच्या किल्ल्याला वेढा घातला. ला रोशेलचे लोक आधी थबकले. अंगावर राजद्रोह ओढवून घ्यायचा की नाही, याचा निर्णय त्यांना झटकन करता येईना. मग सप्टेंबरात शहराच्या तोफा राजाच्या सैन्यावर धडाडल्या आणि मागे फिरण्याची वाट बंद झाली. याच काळात शहराने इंग्रजांना आपल्या साठ्यातून रसद पुरवली. माझ्या मते शहराच्या बचावातली सर्वांत महागात पडलेली चूक हीच आहे. वेढा आता आपल्याला पडणार हे दिसत असताना त्यांनी पाहुण्यासाठी आपले कणगे उपसले.

सेंट मार्टिनच्या वेढ्याची हकिकत आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला विशेष ओळखीची वाटेल. किल्ल्यात त्वारास नावाचा राजाचा सरदार होता. अन्न संपत आले होते, शरणागतीची बोलणीही सुरू झाली होती, आणि समोर बकिंगहॅमची भलीमोठी जहाजे उभी होती. ऑक्टोबर १६२७ च्या सुरुवातीला एका रात्री भरती आणि वारा दोन्ही जुळून आले, तेव्हा उथळ तळाच्या हलक्या होड्यांचा एक ताफा त्या जहाजांमधून वाट काढत आत घुसला. काही होड्या पकडल्या गेल्या, पण बऱ्याचशा किल्ल्याच्या काठाला लागल्या आणि किल्ला तगला. नोव्हेंबरात बकिंगहॅमने शेवटचा हल्ला चढवला, तेव्हा त्याच्या शिड्या तटापेक्षा आखूड निघाल्या. दोनच दिवसांनी परत जहाजांवर चढताना त्याच्या सैन्याची अक्षरशः कत्तल झाली, आणि तो मायदेशी निघून गेला.

हे वाचताना ज्याला थळसमोरची खांदेरी आठवणार नाही, तो अलिबागचा नव्हे. १६७९ मध्ये मायनाक भंडारीने खांदेरीवर तट उभारायला घेतला, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी आपली जहाजे आणून बेटाभोवती उभी केली. इंग्रजांच्या जहाजांना खोल पाणी आणि वारा दोन्ही लागत. आपल्या होड्या वल्ह्यांवर चालणाऱ्या आणि उथळ पाण्यातून सुटणाऱ्या होत्या. थळच्या किनाऱ्यावरून रात्री दाणागोटा निघे आणि सकाळी इंग्रजांना कळे की बेटावरचे लोक काल होते त्यापेक्षा आज बरे खाऊन-पिऊन आहेत. मोठ्या जहाजांनी समुद्र अडवता येतो हा समज रे बेटावर जसा खोटा ठरला, तसाच पन्नास वर्षांनी आमच्या समोरच्या पाण्यातही खोटा ठरला.

रिशल्यूला हे पुरते उमगलेले दिसते, कारण सेंट मार्टिनचा किल्ला वाचला तो त्याच्याच बाजूच्या होड्यांमुळे. जी युक्ती आपल्याला तारून गेली ती शत्रूलाही तारू शकते, हे त्याने ओळखले. त्यामुळे नुसती जहाजे आणून उभी करण्यावर त्याने भिस्त ठेवली नाही.

जमिनीच्या बाजूचे काम तुलनेने सरळ होते. शहराभोवती सुमारे बारा किलोमीटर लांबीचे खंदक-मोर्चे, त्यांत ११ किल्ले आणि १८ छोटे गढीवजा बुरूज, आणि त्यांत तीस हजारांच्या घरात जाणारे सैन्य, एवढे झाले की जमिनीवरून उंदीरही आत जात नव्हता. खरा प्रश्न पाण्याचा होता. पोंपेओ तार्गोने या इटालियन अभियंत्याने तरंगत्या यंत्रांनी आणि साखळ्यांनी वाट अडवायचा प्रयत्न करून पाहिला, पण अटलांटिकच्या लाटांनी ते सगळे उधळून लावले. मग राजाचा वास्तुकार क्लेमां मेतेझो आणि पॅरिसचा बांधकाम-कंत्राटदार जाँ तिरियो यांनी सुचवले, की उपसागराच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत दगडांचा बांधच घालावा. नोव्हेंबर १६२७ च्या अखेरीस काम सुरू झाले.

बांधाची एकूण लांबी दीड किलोमीटरला थोडी कमी होती. जागा अशी निवडली होती की शहराच्या तोफांचा मारा तिथपर्यंत परिणामकारक होऊ नये, आणि तरी बांध आवाक्याबाहेर लांब होऊ नये. त्या किनाऱ्यावर उधाणाच्या भरतीत पाणी पाच-सहा मीटर चढते-उतरते, म्हणजे आपल्या उधाणापेक्षाही जास्त. इतक्या पाण्यासमोर उभी भिंत टिकत नाही हे मेतेझोला माहीत होते. म्हणून त्याने बांध तळाला रुंद आणि माथ्याला अरुंद, दोन्ही बाजूंना उतरता असा घेतला आणि दगड चुन्याशिवाय नुसते रचले, म्हणजे लाट आपटली तरी पाणी दगडांमधून झिरपून जाईल आणि बांधाचा जोर विनाकारण खर्ची पडणार नाही. लाकडी खुंट, त्यांना धरून राहणारे तुळया-वासे आणि मध्ये भरलेले दगड, हे वर्णन वाचताना मला आमच्या बाहेरकाठ्याचीच आठवण होत होती. जुनी जहाजे दगडांनी भरून त्या रांगेत बुडवण्यात आली. कामाला हजारो माणसे होती आणि त्यांत सैनिकच पुष्कळ होते. त्यांना या कामाची वेगळी मजुरी मिळे. हिवाळ्यातल्या वादळांनी रचलेले काम मोडले, ते पुन्हा रचले गेले.

आणि मधली खांड? ती त्यांनी बुजवलीच नाही. दोन्ही काठांवरून आलेल्या दोन भुजांच्या मध्ये भरती-ओहोटीच्या पाण्याला जायला वाट ठेवण्यात आली. ही वाट पाण्यासाठी होती, जहाजांसाठी नव्हे. तिच्या आड बुडवलेली जहाजे होती, एकमेकांना साखळ्यांनी जखडलेल्या नौकांची रांग होती, दोन्ही टोकांना तोफा होत्या आणि जवळच राजाचे आरमार नांगर टाकून होते. मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला तो बांधाचा कच्चा दुवा वाटला. आता वाटते की मेतेझोची खरी हुशारी तिथेच आहे. सगळा उपसागर बंद करायला गेला असता तर शेवटच्या पन्नास हातांत समुद्राने त्याचे दिवाळे काढले असते. शहर उपाशी ठेवायला पाणी अडवण्याची गरज नव्हती, धान्य अडवले की पुरे होते.

शहराच्या आतली बाजू फार वेगळी नाही. वेढ्यात अडकलेले कोणतेही शहर शेवटी त्याच पायऱ्या उतरते. पण बचावाची सूत्रे हाती असलेल्या माणसाविषयी सांगायला हवे. १६२८ च्या वसंतात शहराने जाँ गितोंला नगराध्यक्ष म्हणून निवडले. तो मूळचा जहाजमालक आणि पूर्वी शहराच्या आरमाराचा प्रमुख होता, म्हणजे समुद्र समजणारा माणूस. त्याने पद घेताना टेबलावर खंजीर ठेवला आणि जो शरणागतीचे नाव काढील त्याच्या छातीत हा जाईल असे बजावले, अशी दंतकथा आहे. ला रोशेलच्या नगरसभागृहात कपचा उडालेले संगमरवरी टेबल आजही दाखवतात. आपल्याकडच्या किल्ल्यांवरही घोड्याच्या टापेची खूण दाखवणारे वाटाडे भेटतात, तेव्हा या टेबलाविषयी मी अधिक काही बोलत नाही. खंजीर खरा असो वा नसो, पुढचे सहा महिने शहर ज्या चिकाटीने टिकले ते मात्र खरे आहे.

शहरात तेव्हा सुमारे २७ हजार माणसे होती. घोडे, गाढवे, कुत्री, मांजरे संपली, मग कातडी उकळून खाण्याची वेळ आली. ओहोटी लागली की बायका-माणसे समोरच्या चिखलात शिंपल्या वेचायला जात, आणि तिथेही समोरून गोळ्या येत. ज्या किनाऱ्यावर ओहोटीला टोपली घेऊन कालवे आणि तिसऱ्या काढायला जाणाऱ्या बायका रोजच्या दिसतात, तिथल्या माणसाला या एका वाक्यापुढे थांबावे लागते. ज्यांच्या हाती शस्त्र देता येत नाही अशांना, म्हणजे म्हातारी माणसे, बायका, मुले यांना, शहराने एका टप्प्यावर बाहेर काढले. राजाच्या मोर्च्यांनी त्यांना पुढे जाऊ दिले नाही, शहराने परत घेतले नाही, आणि तट व मोर्चे यांच्या मधल्या पट्ट्यात त्यांतले बहुतेक मेले. रिशल्यूच्या कठोरपणाविषयी पुष्कळ लिहिले जाते. गितोंच्या या निर्णयाविषयी त्याचे चाहते चटकन पुढे सरकतात. मला दोघांनाही मोकळे सोडता येत नाही.

रोहां घराण्यातली कॅथरीन द पार्तने ही सत्तरी उलटलेली बाई आपल्या मुलीसह शहरातच होती. तिचे दोन्ही मुलगे प्रोटेस्टंट पक्षाचे पुढारी होते. तिने शहर सोडले नाही, घोड्याचे मांस खाऊन दिवस काढले, आणि शहर पडल्यावर तिला नियोर येथे कैदेत ठेवण्यात आले.

सगळा भरवसा इंग्रजांच्या आरमारावर होता. मे १६२८ मध्ये डेन्बीचा अर्ल जहाजे घेऊन बांधासमोर आला, काही दिवस उभा राहिला आणि फारसे न लढता परत गेला. तटावरून ती शिडे आधी येताना आणि मग जाताना पाहणाऱ्यांना काय वाटले असेल, ते मी लिहायला जात नाही. ऑगस्टात पोर्ट्‌समथला नवे आरमार सज्ज होत असताना बकिंगहॅमचा जॉन फेल्टन नावाच्या एका नाराज लष्करी अधिकाऱ्याने सुरा खुपसून खून केला. तरीही सप्टेंबरच्या अखेरीस लिंडसेचा अर्ल तिसरे आरमार घेऊन आला. तोफा चालल्या, आगीची जहाजे सोडण्यात आली, पण बांधाच्या दोन टोकांवरच्या तोफा आणि मधली साखळदंडी रांग ओलांडून एकही जहाज आत गेले नाही. २८ ऑक्टोबर १६२८ रोजी शहर शरण आले, तेव्हा मदतीला आलेले हे आरमार समोर डोळ्यांना दिसत होते. शहरात साडेपाच हजारांच्या आसपास माणसे उरली होती. १ नोव्हेंबरला राजा आत आला. त्यानंतर काही दिवसांतच आलेल्या वादळाने बांधाचा काही भाग वाहून नेला. शहर आणखी आठ दिवस तगले असते तर काय झाले असते, हा प्रश्न त्यामुळे फ्रेंच लोकांना आजवर सुटलेला नाही. माझे उत्तर असे, की त्या आठ दिवसांत तट राखायला उभा राहू शकेल असा माणूस शहरात फारसा उरला नसता.

जमिनीकडचे तट पाडण्यात आले. बंदरावरचे बुरूज मात्र ठेवले गेले आणि ते आजही तिथे आहेत. गितों पुढे राजाच्याच आरमारात कप्तान झाला. त्याला कोणी फितूर म्हटले तर मला नवल वाटणार नाही, पण मला त्यात एका दर्यावर्दी माणसाचा व्यवहार दिसतो.

आता राजपुरीकडे येतो. अलिबागहून मुरूडला जाताना रस्ता रेवदंड्याच्या तटातून आत शिरतो आणि तटातूनच बाहेर पडतो. इथे, म्हणजे पोर्तुगीजांच्या चौलात, १५७०-७१ मध्ये मूर्तझा निजामशहाने प्रचंड सैन्य आणून पोर्तुगीजांना वेढले होते. शहर जमिनीवरून पुरते घेरले गेले, तरी गोव्याहून समुद्रमार्गे माणसे आणि दारूगोळा येत राहिला आणि निजामशहाला तह करून परतावे लागले. ला रोशेलने १५७३ मध्ये जो अनुभव घेतला, तोच दोन वर्षे आधी चौलने घेतला होता. पाठीमागचा समुद्र मोकळा असेल तर पुढचे सैन्य फारसे काही करू शकत नाही.

शिवाजी महाराजांना हे जंजिऱ्याच्या बाबतीत पुरते ठाऊक होते. सिद्दीच्या जलदुर्गावर नुसता जमिनीवरून दाब आणून भागत नाही, हे कळल्यामुळेच त्यांनी त्याच्यासमोर कासा खडकावर पद्मदुर्ग उभारला. १६७५ मध्ये प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला त्यांनी लिहिलेले खरमरीत पत्र प्रसिद्ध आहे. पद्मदुर्ग बांधून राजपुरीच्या उरावर दुसरी राजपुरी केली आहे आणि तू तिथे वेळेवर रसद पोचवत नाहीस, असा त्याचा आशय आहे. ते पत्र मला शौर्याच्या कोणत्याही वर्णनापेक्षा मोलाचे वाटते, कारण त्यात समुद्रावरच्या वेढ्याचे सगळे मर्म आहे. वेढा देणाऱ्याचेही धान्य चालू राहावे लागते. लाय पाटील या कोळी सरदाराने जीव धोक्यात घालून रात्री जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या आणि मोरोपंतांची माणसे वेळेवर पोचली नाहीत, ही हकिकत आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. बकिंगहॅमजवळ माणसे होती आणि शिड्या आखूड पडल्या, आपल्याकडे शिड्या पुरल्या आणि माणसे पोचली नाहीत.

संभाजी महाराजांचा प्रयत्न १६८१ च्या अखेरीस आणि १६८२ च्या आरंभीचा. तोफांच्या माऱ्याने जंजिऱ्याच्या तटाची हानी झाली, पण तट पडेना, तेव्हा राजपुरीच्या काठापासून बेटापर्यंत दगड आणि लाकूड टाकून खाडी भरून काढायला सुरुवात झाली. इथेच ला रोशेलशी असलेले साम्य संपते असे मला वाटते. रिशल्यूच्या बांधाचा हेतू शहराला समुद्रापासून तोडणे हा होता. तो शहरापासून दूर, शहराच्या तोफांच्या टप्प्याबाहेर होता, आणि त्यावरून कोणालाही शहरावर चालून जायचे नव्हते. राजपुरीचा सेतू बेटाला जमिनीशी जोडण्यासाठी होता. म्हणजे त्याचे प्रत्येक पुढचे पाऊल किल्ल्याच्या तोफांच्या तोंडी अधिक जवळ जाणारे होते, आणि तो पुरा झाला असता तरी बेटाच्या पलीकडचा खुला समुद्र सिद्दीच्या गलबतांना मोकळाच राहिला असता. रिशल्यूच्या बांधाची तुलना नेहमी अलेक्झांडरने इ.स.पू. ३३२ मध्ये टायर बेटापर्यंत घातलेल्या बांधाशी केली जाते. माझ्या मते ती तुलना राजपुरीला जास्त लागू पडते. टायरलाही बांध हा चालून जाण्याचा रस्ता होता.

दोन बांधांमधला दुसरा फरक वेळेचा. रिशल्यूला अकरा महिने मिळाले, आणि त्या काळात राजाच्या सगळ्या सैन्यापुढे हे एकच काम होते. संभाजी महाराजांच्या मागे औरंगजेब स्वतः दक्षिणेत उतरलेला होता. त्याचा बंडखोर मुलगा शहजादा अकबर रायगडच्या आश्रयाला आल्याने औरंगजेब अधिकच पेटलेला होता. जानेवारी १६८२ मध्ये हसन अली खानाचे मोगल सैन्य कल्याणच्या बाजूने कोकणात उतरले आणि महाराजांना राजपुरी सोडून जावे लागले. मागे दादाजी रघुनाथ देशपांडे यांनी वेढा चालू ठेवला, पण सेतू पुरा झाला नाही. सिद्दीला शिवाय सुरतेच्या मोगलांचा पैसा होता आणि पावसाळ्यात गलबते उभी करायला मुंबईत माझगावचा आसरा होता. ला रोशेलच्या नशिबी आलेला मित्र तीनदा येऊन तीनदा परत गेला. सिद्दीचे मित्र इतके लांबून येणारे नव्हते.

तिसरा फरक पाण्याचा, आणि तो मी गेल्या महिन्यात राजपुरीच्या जेटीवरून शिडाच्या होडीत बसल्यावर पुन्हा एकदा पाहिला. ला रोशेलचा उपसागर उथळ आणि चिखलाचा आहे. त्याच्या टोकाशी मोठी नदी नाही, त्यामुळे पाणी भरतीला भरते आणि ओहोटीला उतरते. राजपुरीची खाडी आत दूरवर गेलेली आहे आणि जंजिरा तिच्या तोंडाशीच बसला आहे, तेव्हा आतल्या सगळ्या पाण्याला बाहेर पडताना बेटाच्या अंगावरून जावे लागते. आमची होडी सुटली तेव्हा ओहोटी लागली होती. तांडेलाने होडीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, किल्ल्याकडे न धरता बरीच वर, खाडीच्या आतल्या अंगाला धरली.

"दरवाजा तर तिकडे आहे ना, काका?" मी विचारले.

"सरळ गेलो तर पाणी आपल्याला पद्मदुर्गाकडे नेईल. आपण वर जायचं, पाणी आपल्याला दरवाजात आणून सोडतं," ते म्हणाले.

आणि तसेच झाले. किल्ल्याचा दरवाजा जवळ येईपर्यंत दिसतच नाही, तो राजपुरीच्या बाजूच्या दोन बुरुजांमध्ये दडवलेला आहे. होडी त्या पायऱ्यांना लागेपर्यंत मी बाजूने पळणारे पाणी पाहत होतो आणि मनात आमच्या खांडीतले दगड मोजत होतो. ला रोशेलला आजही ओहोटीच्या वेळी मेतेझोच्या बांधाची ओळ पाण्याबाहेर दिसते. परतताना भरती लागायची होती आणि वारा पडला होता, त्यामुळे तांडेलाने शीड उतरवले, आणि त्याचा मुलगा वल्ह्यांना बसला.